ग्रुप व्हॉइस चॅटमध्ये आवाज पुन्हा पुन्हा फाटतो, तुटतो? बिघाड कोणाच्या घरी आहे ते आधी शोधा

आमच्या अभिवाचन गटातली मंडळी ठाणे आणि नवी मुंबईत विखुरलेली आहेत. कोणी नौपाड्यात, कोणी वर्तकनगरला, कोणी कोलशेतला. खाडीपलीकडे ऐरोली, घणसोली, वाशी, खारघर. कामाच्या दिवशी रात्री सगळ्यांनी एका जागी जमणं शक्य नसतं, म्हणून नाटकाचं वाचन डिस्कॉर्ड या गटाने बोलायच्या ॲपवरच्या व्हॉइस चॅनेलवर चालतं. वाचणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले काका आहेत, तशी कॉलेजातली मुलंही आहेत. आवाजाची बाजू मी सांभाळतो. अभिवाचनात चेहरा दिसत नाही, हालचाल नसते, जे पोचायचं ते सगळं आवाजातून. त्यामुळे आवाज फाटला की प्रसंगाची पकड सुटते आणि वाचणाऱ्याने आठवडाभर केलेली तयारी वाया जाते. हे वारंवार घडताना बघून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तक्रार नेहमी एकाच शब्दात येते: ‘आवाज फाटतोय.’ त्यावर ठरलेला उपाय: ‘बाहेर पडून परत या.’ परत आल्यावर थोडा वेळ सगळं छान चालतं आणि दुसऱ्या अंकाच्या सुमारास पुन्हा तेच. बाहेर पडून परत आल्यावर जोडणी नव्याने होते, साठलेला बफर रिकामा होतो, माइक नव्याने उघडला जातो, कधी सर्व्हरही बदलतो. मूळ कारण मात्र जागच्या जागी राहतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिल्यांदा आवाज बिघडेल तेव्हा कोणालाही बाहेर पाठवू नका. दोन मिनिटं वाचन थांबवा आणि नीट ऐका. चालू असलेला बिघाडच आपल्याला त्याचा पत्ता देतो. बाहेर पडलात की तो पत्ता पुसला जातो.

कोणाला कोणाचा आवाज खराब येतो?

ज्याचा आवाज फाटतो, त्याला स्वतःला तो फाटलेला ऐकू येत नाही. तक्रार दुसऱ्याकडून येते, आणि मग बऱ्याचदा दुरुस्ती तक्रार करणाऱ्याच्या लॅपटॉपवर सुरू होते. खारघरच्या काकांचा आवाज सगळ्यांना चिरका येत असताना घणसोलीच्या ताईने आपले इयरफोन बदलून काहीच होणार नाही.

डिस्कॉर्ड, झूम, गूगल मीट यांसारख्या सेवांवर ग्रुपमध्ये बोलताना प्रत्येकाचा आवाज एकदाच सर्व्हरकडे जातो आणि तिथून त्याच्या प्रती इतरांना मिळतात. एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं. एकाच व्यक्तीचा आवाज सगळ्यांना खराब येत असेल तर दोष त्या व्यक्तीच्या माइकमध्ये, फोन-लॅपटॉपमध्ये किंवा तिच्या घरून वर जाणाऱ्या इंटरनेटमध्ये आहे. एकाच व्यक्तीला सगळ्यांचे आवाज खराब येत असतील तर दोष ऐकणाऱ्याकडे आहे: खाली येणारं नेट, इयरफोन, किंवा दमलेला लॅपटॉप. सगळ्यांना सगळ्यांचे आवाज खराब, तर सर्व्हरकडे बघा.

एक चौथा प्रकार फार चकवतो. फक्त एकाच माणसाला, फक्त एकाच माणसाचा आवाज फाटलेला येतो. बाकी सगळं ठणठणीत. डिस्कॉर्डमध्ये प्रत्येक सदस्याच्या नावावर राइट क्लिक केलं की त्याच्यापुरता आवाज कमी-जास्त करायची पट्टी मिळते आणि ती २०० टक्क्यांपर्यंत जाते. कधीतरी कोणी हळू बोलत होतं म्हणून ती चढवलेली असते आणि तशीच राहते. मग तो माणूस मोठ्याने वाचू लागला की ऐकणाऱ्याच्या बाजूला आवाज फाटतो. पट्टी १०० वर आणा, प्रश्न तिथेच मिटतो.

दोष बोलणाऱ्याकडे आहे असं ठरलं की पुढचा प्रश्न: माइक की नेट? डिस्कॉर्डच्या व्हॉइस सेटिंगमध्ये माइक तपासायचं बटण आहे, झूममध्येही आहे. तिथे आपला आवाज आपल्यालाच ऐकवला जातो. त्यातही आवाज खराब असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करायची गरज नाही. दोष माइकपासून ॲपपर्यंतच्या वाटेवर आहे. तिथे स्वच्छ आणि ग्रुपमध्ये खराब असेल तर वायफाय बंद करून पाच मिनिटं मोबाइल डेटावर बोलून बघा. सुधारलं, तर घरचं वायफाय किंवा लाइन दोषी.

तपासताना ‘हॅलो हॅलो, येतोय का आवाज?’ म्हणू नका. त्यातून काहीच कळत नाही. आमच्याकडे दोन वाक्यं ठरलेली आहेत. पहिलं: ‘भर पावसात फाटकी छत्री घेऊन ठाण्याच्या खाडीपुलावरून धावत कोण आलं?’ यात भ, फ, छ, घ, ठ, ख, ध सगळे आहेत. श्वासाचा झोत माइकवर आदळत असेल तर इथे लगेच धपधप ऐकू येते. दुसरं: ‘सहा शिंप्यांनी साठ शर्ट शिवले नाहीत.’ स आणि श किती स्पष्ट येतात ते यातून कळतं, आणि शेवटचा ‘नाहीत’ पोचतो का तेही. तो ‘नाहीत’ का महत्त्वाचा, ते पुढे येईलच.

ऐकणाऱ्यांनीही ‘फाटतोय’ एवढंच म्हणून थांबू नये. खरखर आहे, का मोठ्या शब्दालाच चिरतो? डब्यातून आल्यासारखा आहे? धातूसारखा, रोबोटसारखा ओढला जातो? शब्दांची सुरुवात-शेवट गायब होतो? सतत घूं आवाज आहे? यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

मोठ्या वाक्यालाच चिरतो

डिजिटल आवाजाला वरची एक ठाम मर्यादा असते. त्यापलीकडे गेलेला तरंग सपाट कापला जातो, आणि एकदा कापलेला भाग पुढे कोणीही आवाज कमी करून परत मिळवू शकत नाही. म्हणून हा दोष माइकपाशीच सोडवावा लागतो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग साउंड, मग मोअर साउंड सेटिंग्ज, रेकॉर्डिंग, आपला माइक, प्रॉपर्टीज, लेव्हल्स असं जा. बऱ्याच लॅपटॉपवर तिथे ‘मायक्रोफोन बूस्ट’ दिसेल. ते कधीकधी २० किंवा ३० डेसिबलवर असतं. २० डेसिबल म्हणजे तरंगाची उंची १० पट. ३० म्हणजे ३० पटींहून जास्त. ते शून्यावर आणा, फार तर १० ठेवा, आणि मग माइकची मुख्य पट्टी जुळवा. आपल्या भूमिकेतलं सगळ्यात चढ्या आवाजातलं वाक्य म्हणताना मीटर टोकाला लागता कामा नये.

नाटक वाचणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ‘ऑटोमॅटिक गेन कंट्रोल’ नावाची सोय हळू आवाज आपोआप वाढवते. गप्पांसाठी ती चांगली. पण पात्र दोन क्षण गप्प राहतं, तेवढ्यात ती सोय माइक चढवून ठेवते आणि नंतरची आरोळी थेट मर्यादेवर जाऊन आदळते. त्यामुळे नेमकं प्रसंगाच्या शिखरावरचं वाक्य फाटतं. अभिवाचनात ही सोय बंद ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, चार बोटं अंतरावर. वडीलधाऱ्यांना ‘तुमचा आवाज फाटतोय’ असं सगळ्यांदेखत सांगितलं की ते पुढची दोन पानं दबून वाचतात. त्यापेक्षा ‘काका, माइक जरा हनुवटीकडे घेता का?’ म्हणा, काम होतं आणि वाचनही खुलं राहतं.

डब्यातून आल्यासारखा: ब्लूटूथ

आमच्या गटातल्या तक्रारींत सगळ्यात जास्त वाटा याचा आहे, आणि महागडे इयरबड घेतलेल्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. गाणं ऐकताना तेच इयरबड उत्तम वाजतात, मग बोलताना असं का?

नेहमीच्या ब्लूटूथला गाणं ऐकवण्याची वाट वेगळी आणि फोनवर बोलण्याची वाट वेगळी. गाणं ऐकवण्याच्या वाटेवर आवाज फक्त एका दिशेने, स्टिरिओ आणि चांगल्या प्रतीचा जातो, पण तिच्यात माइकला जागाच नाही. इयरबडचा माइक चालू केला की जोडणी ‘हँड्स-फ्री’ वाटेवर येते. तिथे आवाज मोनो होतो आणि त्याचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,००० एवढेच घेतले जातात, जिथे चांगल्या आवाजाला ४८,००० असतात. ८,००० वर ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ‘स’ची बरीचशी ताकद त्याच्या वरच असते, म्हणून ‘सात’ आणि ‘फात’ यांत फरक उरत नाही. ८,००० च्या जुन्या जोडणीवर साठ शर्टांचं आमचं वाक्य म्हणून बघा, लगेच ओळखू येईल.

याचे परिणाम दुहेरी असतात. तुमचा आवाज इतरांना डब्यातून येतो, आणि इतरांचे आवाजही तुम्हाला तसेच येतात. त्यामुळे ब्लूटूथवाला माणूस ‘आज सगळ्यांचेच आवाज खराब आहेत’ अशी तक्रार घेऊन येतो.

लॅपटॉपवर उपाय सोपा आहे. इयरबड फक्त ऐकण्यासाठी ठेवा आणि ॲपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वायरवाला माइक निवडा. हँड्स-फ्री वाट उघडलीच नाही की ऐकण्याची प्रत टिकते. विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटच्या ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नोंदी दिसतात. ऐकण्यासाठी स्टिरिओ निवडा. फोनवर मात्र असं वेगवेगळं निवडायची सोय बऱ्याच ॲपमध्ये नसते. तिथे वायरवाला साधा इयरफोन लावा. तो ब्लूटूथपेक्षा खूप स्वस्त मिळतो आणि या कामाला जास्त चांगला आहे. ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, पण त्यासाठी इयरबड आणि फोन किंवा लॅपटॉप दोन्ही बाजूंनी ती असावी लागते.

शब्दांची सुरुवात आणि शेवट गायब

गोंगाट गाळणारी सोय, म्हणजे नॉइज सप्रेशन, बोलणं ठेवते आणि बाकीचं काढून टाकते. पंख्याचा एकसुरी आवाज तिला सहज ओळखता येतो. घोडबंदर रोडवरची वाहतूक ती बऱ्यापैकी गाळते. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिलिंग यांच्याशी तिची जास्त झटापट होते आणि त्या झटापटीत आपले शब्दही चावले जातात.

मराठीत याचा फटका विशेष बसतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि तिथे पोचेपर्यंत श्वास संपत आलेला असतो, आवाज उतरलेला असतो. गाळणीला तो उतरता भाग गोंगाट वाटतो. ‘मी उद्या येणार नाही’ यातला ‘नाही’ गेला की ऐकणाऱ्याला नेमका उलट अर्थ कळतो. एकदा वाचनाच्या तारखेवरूनच आमच्या गटात असा गोंधळ झाला होता. कुजबुज, हुंदका, दीर्घ उसासा, टाळी, तंबोरा, पेटी या सगळ्या गोष्टीही गाळणीच्या लेखी गोंगाटच असतात.

त्यात भर म्हणजे गाळण्या एकावर एक बसतात. अनेक लॅपटॉपच्या ऑडिओ ड्रायव्हरमध्ये स्वतःची गाळणी असते, हेडसेटची वेगळी असते, डिस्कॉर्डमध्ये क्रिस्प नावाची असते. एकाने गाळलेलं दुसरा पुन्हा गाळतो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. कोणतीही एकच ठेवा. खोली शांत असेल तर एकही नको. झूमवर संगीत किंवा नाट्यवाचन असेल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, ती सोय त्यासाठीच आहे. मॅकवर मेनूबारमध्ये माइक मोड असतो. ‘व्हॉइस आयसोलेशन’वरून ‘स्टँडर्ड’वर आणा.

डिस्कॉर्डमध्ये ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ही बघा. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज ती पाठवतच नाही. आपोआपवरून हातावर घ्या आणि पट्टी एवढी खाली आणा की सगळ्यात हळू वाक्यालाही दिवा लागेल.

इथेच प्रतिध्वनीचंही सांगतो. एकाच घरातून दोघं जण हॉलमध्ये बसून दोन फोनवर जोडले गेले की हमखास कर्कश घुमणं किंवा कापलेले शब्द ऐकू येतात. प्रत्येक फोन स्वतःच्या स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमधून वजा करायला बघतो. दुसऱ्या फोनच्या स्पीकरमधून तोच आवाज वेगळ्या क्षणी येतो आणि हिशोब कोलमडतो. दोघांनी एकच फोन वापरा, किंवा दोघांनी इयरफोन लावून वेगवेगळ्या खोल्यांत बसा.

रोबोटसारखा, ओढलेला, तुटक: नेट

पहिली प्रतिक्रिया असते, ‘माझं १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, स्पीड टेस्ट बघा.’ बोलण्याला वेग फार लागत नाही. डिस्कॉर्डच्या चॅनेलचा मूळ बिटरेट, म्हणजे आवाजाला लागणारा वेग, ६४ केबीपीएस आहे, म्हणजे १०० एमबीपीएसच्या तुलनेत नगण्य. या सेवांमध्ये आवाज दाबून पाठवायला बहुधा ओपस नावाचा कोडेक वापरतात. २०१२ साली तो खुला मानक म्हणून प्रसिद्ध झाला. तो साधारणपणे २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा करतो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. हे तुकडे ठरलेल्या अंतराने पोचले पाहिजेत, एवढीच अट.

ठाणे स्टेशनवर उभं राहणाऱ्याला हे लगेच समजेल. सगळ्या लोकल सरसकट दहा मिनिटं उशिरा धावत असतील, पण दर चार मिनिटांनी एक येत असेल, तर फलाटावर गर्दी होत नाही. वीस मिनिटं एकही नाही आणि मग तीन लागोपाठ, असं झालं की हाल होतात. आवाजाच्या तुकड्यांचा नुसता उशीर आवाज बिघडवत नाही, फक्त उत्तर उशिरा येतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणांना चालतो. पण उशीर सारखा बदलू लागला, ज्याला जिटर म्हणतात, किंवा तुकडे वाटेत हरवू लागले, की मग रोबोट बोलतो. हरवलेला तुकडा परत मागवायला वेळ नसतो. ऐकणाऱ्याचं ॲप आधीचा आवाज थोडा ताणून ती फट बुजवतं. एखादा तुकडा गेला तर कळतही नाही. सलग गेले की तोच ताणलेला आवाज धातूसारखा ऐकू येतो.

पिंग ही आज्ञा एखाद्या पत्त्यापर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवते. जिटर कुठे निर्माण होतो ते दोन पिंग शेजारी-शेजारी चालवून कळतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग लिहून पुढे आपल्या राउटरचा पत्ता द्या, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ द्या, हा बाहेरचा, गूगलच्या सर्व्हरचा पत्ता आहे. दोन्हीकडे शेवटी आडवी रेघ आणि टी जोडा म्हणजे ते चालूच राहील. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत लिहायचं. मग वाचन सुरू ठेवा आणि आवाज तुटला की आकडे बघा.

राउटरपर्यंतचाच आकडा २-३ वरून अचानक १०० च्या वर उडत असेल तर दोष वायफायचा. आपल्याकडच्या उंच इमारतींमध्ये हे फार. प्रत्येक फ्लॅटचा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर ओरडत असतो आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, मायक्रोवेव्हही तिथेच. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. पण ५ गिगाहर्ट्झला भिंती जड जातात, आणि आपल्या घरांत राउटर बसवलेला असतो फायबर जिथे आत येते तिथे, म्हणजे दाराशी, चपलांच्या कपाटावर. वाचणारा असतो आतल्या बेडरूममध्ये दार लावून. मध्ये दोन-तीन भिंती. वाचनापुरतं हॉलमध्ये बसा, किंवा लॅनची केबल ओढा. केबल लावल्यावर या प्रश्नाचा निकाल लागतो, आणि ज्यांना कायमचा उपाय हवा आहे त्यांना मी दुसरं काही सुचवत नाही.

राउटरपर्यंत सगळं स्थिर आणि ८.८.८.८ चा आकडाच उडतो, तर आधी घरातलंच अपलोड तपासा. रात्री फोन चार्जिंगला लागतो, वायफायवर असतो, आणि दिवसभरचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागतो. घरातला कॅमेरा क्लाउडवर चित्रण पाठवत असतो. ही रांग राउटरमध्ये साचते आणि आवाजाचे तुकडे तिच्या मागे अडकतात. अशा वेळी स्पीड टेस्टवर डाउनलोड झकास दिसतं. बॅकअप थांबवा, पिंग लगेच खाली येतो का बघा. आला तर रोज वाचनाच्या वेळी तो थांबवणं, किंवा राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे आवाजाच्या तुकड्यांना आधी वाट देण्याची, सोय असेल तर ती लावणं, हा उपाय.

हे सगळं बंद करूनही रोज रात्री ठरावीक वेळीच बाहेरचा आकडा उडत असेल तर लाइन भरलेली आहे. नेटवाल्याला फोन केला की तो स्पीड टेस्ट करायला सांगतो आणि ‘सगळं बरोबर आहे’ म्हणतो. त्याला दोन्ही पिंगच्या खिडक्यांचा एकत्र स्क्रीनशॉट वेळेसकट पाठवा. राउटरपर्यंत ३ मिलिसेकंद आणि बाहेर २५० दिसत असताना तुमच्या वायफायवर ढकलायला त्याला जागा उरत नाही. वर्तकनगरच्या आमच्या एका सदस्याच्या इमारतीतला जोड याच पुराव्यावर बदलून मिळाला.

डिस्कॉर्डच्या कोपऱ्यात ‘व्हॉइस कनेक्टेड’वर क्लिक केलं की पिंग आणि हरवलेल्या तुकड्यांचं प्रमाण दिसतं. झूममध्ये सेटिंग्जमधल्या स्टॅटिस्टिक्समध्ये हेच जिटरसकट मिळतं. सगळ्यांनाच एकदम त्रास होत असेल तर डिस्कॉर्डच्या चॅनेल सेटिंगमधलं ‘रीजन ओव्हरराइड’ बघा, सर्व्हर कुठला वापरायचा ते तिथे ठरतं. ऐरोली-महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर आहेत, तरी रीजन सिंगापूरला ठेवलेलं असेल तर घणसोलीहून ऐरोलीला बोललेला शब्द सिंगापूरला जाऊन येतो. उशीर तर वाढतोच, वाट लांबल्याने तुकडे हरवायची शक्यताही वाढते. भारत निवडा, तिथेच गडबड असेल तर तेवढ्या दिवसापुरतं दुसरं रीजन घ्या. आणि राउटर जुना असेल तर आवाजाच्या तुकड्यांवर ‘आधी जाऊ द्या’ अशी खूण करणारी डिस्कॉर्डमधली ‘हाय पॅकेट प्रायॉरिटी’ची सोय बंद करून बघा, काही राउटर अशा खुणेचे तुकडे नीट हाताळत नाहीत.

लोकलमधून जोडले जाणाऱ्यांनी फक्त ऐकावं. मोबाइलचा टॉवर सतत बदलतो, आणि दोष शोधणाऱ्याला उगाच एक वाट वाढते.

उरलेले काही प्रकार, थोडक्यात

आवाज जाड आणि संथ, किंवा बारीक आणि घाईचा येत असेल तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांची संख्या, जुळत नाही. ४८,००० ने घेतलेला आवाज ४४,१०० ने वाजला की साधारण ८ टक्के खाली येतो. पेटीवर काळी दोनचा सूर पांढरी दोन आणि काळी एकच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो. विंडोजमध्ये माइक आणि स्पीकर दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली ४८,००० हर्ट्झ निवडा आणि ‘एक्सक्लुझिव्ह मोड’च्या खुणा काढा.

सतत घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. थांबला तर तो विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आहे. थ्री-पिन प्लगला टू-पिनचा जोड लावला असेल तर आधी तो काढून टाका. जुन्या इमारतींत सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नसते, असंही आढळतं. मग इलेक्ट्रिशियनला बोलवा. ते आवाजापुरतं नाही, घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठीही करून घ्या.

वायर हलली की खरखरतं, तर जॅक सैल आहे किंवा त्यावर दमटपणाने थर चढलाय. जून ते सप्टेंबर हे वाढतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, तेल लावू नका. फोनवर बोलणाऱ्यांनी खालचं माइकचं छिद्र कव्हरने किंवा करंगळीने झाकलं जात नाही ना, ते बघा.

नेट स्थिर, माइक ठीक, तरी तडतड येते आणि स्क्रीन शेअर केली की वाढते, तर लॅपटॉपला वेळेवर आवाज हाताळायला सवड मिळत नाहीये. पॉवर सेव्हर बंद करा, ब्राउझरचे टॅब मिटवा. तरीही राहिली तर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम चालवून कोणता ड्रायव्हर अडवतोय ते बघा. वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर यात नेहमी सापडतात.

पुन्हा उद्भवू नये म्हणून

दुरुस्त केलेलं परत का बिघडतं? विंडोजचं मोठं अपडेट ड्रायव्हर बदलतं आणि आवाजात आपोआप फेरफार करणाऱ्या ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ पुन्हा चालू होतात. नवा हेडसेट लावला की तोच मूळ माइक म्हणून बसतो. ॲपमध्ये माइक ‘डीफॉल्ट’ ठेवलेला असेल तर तो गुपचूप बदलतो. म्हणून ॲपमध्ये ‘डीफॉल्ट’ न ठेवता माइक आणि स्पीकर नावाने निवडा. आम्ही ग्रुपमध्ये एक पिन केलेला मेसेज ठेवला आहे: कोण कोणता माइक वापरतं, गाळणी कोणती चालू, नेट केबलने की वायफायने. बिघाड झाला की त्या नोंदीशी ताडून बघतो, आणि बहुतेक वेळा बदललेली गोष्ट तिथेच सापडते. वाचनाआधी दहा मिनिटं सगळे येतात, छत्रीचं आणि शिंप्यांचं वाक्य म्हणतात. ऐकणारा दर वेळी वेगळा ठेवतो.

एवढं करूनही सुटलं नाही तर मदत मागताना पाच गोष्टी लिहा: आवाज कसा येतो, कोणाला कोणाचा येतो, मोबाइल डेटावर काय होतं, माइक तपासणीत काय ऐकू येतं, आणि दोन्ही पिंगचे आकडे. सोबत बिघडलेल्या आवाजाचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग जोडा. झूमवर असाल तर संगणकावर रेकॉर्ड करताना ‘प्रत्येक सदस्याची वेगळी ऑडिओ फाइल’ हा पर्याय चालू करा. मग नंतर एकेक फाइल उघडून खरखर नेमकी कोणाच्या आवाजात आहे ते निवांत ऐकता येतं.